बसून म्हटलेलं गाणं

काटेबाईंना राग यायला कारण लागायचं, एवढं त्यांचे दुश्मनही मान्य करतील. पण कारण एकदा हाती आलं की समोर पुढारी आहे, साहेब आहे की सख्खी नणंद, हे त्या बघत नसत. "मापात पाप आणि नाटकात झोप, दोन्ही मला खपत नाही," असं त्या उघड म्हणायच्या. यातलं दुसरं कलम नवऱ्यासाठी होतं. नवरा बस चालवायचा. लग्नानंतर एकदाच त्याला संगीत नाटकाला नेलं, तर पहिलं गाणं संपायच्या आत गडी घोरायला लागला. तेव्हापासून काटेबाई एकट्याच जायच्या, आणि नवरा शेजाऱ्यांना सांगायचा, "मला सवत आहे. तिला वर खुर्च्या आहेत आणि खाली पडदा."

त्यांचं दुकान म्हणजे दोन इमारतींच्या फटीत बसवलेली खोली. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेरूनच बोलायचं. भिंतीला तागड्या टांगलेल्या, खाली लोखंडी वजनं उतरंडीसारखी रचलेली. दुकानदारांचे तराजू दुरुस्त करायचे, वजनं तपासून द्यायची, हा धंदा. वडलांचा होता, भाऊ नव्हता, म्हणून यांच्याकडे आला. प्रत्येक वजनाच्या पोटात एक भोक असतं आणि त्यात शिसं भरलेलं असतं. वजन हलकं करायला कोणता दुकानदार ते शिसं गुपचूप कोरतो, हे बाजारात एकट्या काटेबाईंना ठाऊक. म्हणून अर्धा बाजार त्यांना नमस्कार करायचा आणि उरलेला अर्धा रस्ता बदलायचा.

नाटकाचा नादही वडलांमुळेच लागला. नाट्यगृहाचा मोठा पडदा एका बाजूने आधी खाली यायला लागला, तेव्हा त्याच्या दोरांना बांधलेली वजनं सारखी करायला वडलांना बोलावणं आलं. काटेबाई तेव्हा नऊ वर्षांच्या. वडलांच्या मागे शिडी चढून छताखालच्या लाकडी फळीवर गेल्या. वडील वजनं बघत होते आणि खाली तालीम चालली होती. पोरगी फळीवर पालथी पडली ती पडलीच. खाली नट्यांचे भांग, वादकांची टकलं, आणि थेट छताला येऊन थडकणारा आवाज. वडलांचं काम तासाभरात झालं. पोरीला खाली उतरवायला दुसरा तास गेला.

शाळा सातवीत सुटली. पुढचं शिक्षण रद्दीवर झालं. वजनं ज्या वर्तमानपत्रात गुंडाळून यायची, त्यातलं नाटकाचं परीक्षण काटेबाई तेलकट बोटांनी वाचायच्या. अर्धं फाटलेलं असलं तर राहिलेलं आपल्या डोक्याने पुरं करायच्या. मग स्वस्तातलं तिकीट काढून, शेवटच्या रांगेत बसून ते नाटक बघायच्या आणि छापलेलं किती खोटं होतं ते ठरवायच्या. बहुतेक वेळा बरंच निघायचं.

अशी अजून दोन माणसं बाजारात होती. एक शिंपीमामा, वय सत्तरीकडे झुकलेलं, गळ्यात टेप आणि डोळ्यांत पाणी, कारण ते कुठल्याही गाण्याला रडायचे. दुसरे कंपाउंडर, दवाखान्यात चाळीस वर्षं पुड्या बांधून बांधून ज्यांना कुणाचंच मन दुखवायची सवय उरली नव्हती. वर्षाचे नाट्यपुरस्कार जाहीर व्हायच्या आधीच्या रविवारी या तिघांचा स्वतःचा निवाडा शिंपीमामांच्या कापायच्या टेबलावर व्हायचा. नियम दोनच. ज्या प्रयोगाचं फाटकं तिकीट टेबलावर टाकाल, त्याच प्रयोगाबद्दल तोंड उघडायचं. आणि एखाद्याला पुरस्कार मागायचा असेल तर त्याला निदान दोनदा बघितलेलं पाहिजे, कारण एकदा कुणीही बरा गातो.

सरकारी पुरस्काराचे परीक्षक काय करायचे? प्रत्येक नाटकाचा एक प्रयोग बघायचे. एक! तोही पुढच्या रांगेत बसून, फुकट, मध्यंतरात चहा-बिस्किटं खाऊन. ज्यांनी पोटाला चिमटा काढून चार-चारदा बघितलं त्यांना कुणी विचारायचं नाही, आणि ज्यांना दार उघडून आत बसवलं त्यांच्या सहीने राणी कोण ते ठरायचं. या गोष्टीचा काटेबाईंना दर वर्षी राग यायचा. त्या वर्षी मात्र रागाला हातपाय फुटले.

त्या वर्षी दोन संगीत नाटकं गाजत होती. एक घड्याळजीचं, एक बुडालेल्या बोटीचं. बोटीच्या नाटकात समुद्रावर गेलेल्या नवऱ्याची वाट बघणारी एक बाई होती. तिसऱ्या अंकात नवऱ्याची पेटी तेवढी परत येते आणि ती बाई गाते. हे काम करायच्या मॅडम. सगळं गाव त्यांना मॅडमच म्हणायचं. आवाज असा की वरच्या रांगेतल्या माणसाला वाटावं, आपल्याच कानाशी बोलताहेत. शिंपीमामा वीस वर्षं त्यांचे भक्त.

"मॅडमला द्यायचा," मामांनी रविवारी जाहीर केलं. "सहा तिकिटं आहेत माझी. मोजून घ्या."

"माझीही चार आहेत," काटेबाई म्हणाल्या आणि एक तिकीट वेगळं काढून टेबलाच्या मधोमध ठेवलं. "पण मी या एकावर बोलणार. गुरुवार, दुपारचा प्रयोग."

मामांचा चेहरा आंबट झाला. "त्या दिवसाचं नाव काढू नकोस. मॅडम आल्याच नव्हत्या. दारात खडूने पाटी, आज मुख्य भूमिकेत बदली! पाटी वाचली आणि मी तिथून परत फिरलो. नुसता फिरलो नाही, तक्रारवहीत चार ओळी खरडून आलो."

"तुम्ही फिरलात, मी आत गेले. आणि मामा, तुमचं वर्ष फुकट गेलं. कोरसमधली ती किडकिडीत बाई आहे ना, बारा वर्षं मागे उभी राहते, तिला तासभर आधी सांगितलं म्हणे, आज तू. मॅडमचाच झगा तिच्या अंगावर चढवला. तिसऱ्या अंकात पायऱ्यांवरून उतरताना झगा पायात आला..."

"येणारच," मामांतला शिंपी मधेच जागा झाला. "मॅडम तिच्यापेक्षा टीचभर उंच. घेर चार बोटं जमिनीवर लोळणार."

"तर ती पडायला आली, आणि पडायच्या ऐवजी पायरीवर बसली. पेटी मांडीवर घेतली आणि तिथेच बसून गाणं म्हटलं. गाणं कसलं, पेटीशी बोलत होती. मधे एकदा हसली, मामा! नवऱ्याच्या कुठल्या तरी जुन्या गोष्टीवर हसावं तशी. माझ्या अंगावर काटा आला. पुरस्कार द्यायचा तर त्या बाईला."

"एकदाच बघितलंस," मामांनी नियमावर बोट ठेवलं.

"तिला दुसऱ्यांदा उभं केलंय कुणी? मी कुठून बघणार?"

"ती मॅडमच्या पासंगालाही पुरणार नाही."

"पासंग मला शिकवू नका मामा. एक पारडं मुळातच खाली झुकलेलं असलं की दुसऱ्यात टाकतात तो पासंग. तुमचं पारडं वीस वर्षं झुकलेलंच आहे."

"माझं विचाराल तर दोघांचंही बरोबर आहे," कंपाउंडर म्हणाले.

"भाऊ, तुम्ही मत देताय की औषध? एक जेवणाआधी, एक जेवणानंतर?"

शेवटी कंपाउंडरांनी नियमाची कड घेतली आणि मॅडम दोन विरुद्ध एक मतांनी जिंकल्या. काटेबाई पायात चप्पल न अडकवताच अर्ध्या रस्त्यापर्यंत गेल्या आणि मग चप्पल न्यायला परत आल्या.

बुधवारी निकाल वर्तमानपत्रात आला. सर्वोत्कृष्ट गायक अभिनेत्री, मॅडम. काटेबाई तराजूची दांडी घासत होत्या. दांडी ठेवून त्यांनी परीक्षकांचा अभिप्राय वाचला. मग उठून दारात उजेडात जाऊन परत वाचला. छापलं होतं असं: "तिसऱ्या अंकातील विलापगीत त्यांनी पायरीवर बसून, पेटी मांडीवर घेऊन, जणू संवाद साधत सादर केले. गीताच्या मध्यावरील त्यांचे क्षणिक हास्य ही या वर्षातील सर्वोच्च रंगभूमी-अनुभूती होय." आणि खाली, परीक्षकांनी पाहिलेला प्रयोग: तोच गुरुवार, तीच दुपार.

आता काय झालं ते कुणीही सांगेल. परीक्षक तिघे होते. एक निवृत्त अधिकारी, एक बँकेचे मोठे साहेब, आणि एक गाण्याचे प्राध्यापक, जे गाणं ऐकताना डोळे मिटून घेतात. तिघं बाजूच्या दाराने आत गेले, कारण मानाच्या पाहुण्यांना बाजूचं दार असतं. पाटी पुढच्या दारात होती. रंगवलेला चेहरा, खोटे केस, मॅडमचा झगा, आणि हातातल्या पत्रिकेत मॅडमचं नाव. झगा ओळखला, बाई ओळखली नाही. बरं, बक्षीस चुकून मॅडमच्या चांगल्या गाण्याला गेलं असतं तर काटेबाईंनी नशिबाला बोल लावला असता. इथे एकीचं काम शब्दाशब्दाने वर्णन करून त्याखाली दुसरीचं नाव लिहिलं होतं. शिसं कोरायचं एकाच्या वजनातलं आणि भरायचं दुसऱ्याच्या!

दुकानाला कुलूप घालून त्या तडक पुरस्कार समितीच्या कचेरीत गेल्या. समितीच्या अध्यक्षांच्या टेबलावर काच होती आणि काचेखाली त्यांचेच फोटो.

"हे तिकीट त्या दुपारचं," काटेबाईंनी तिकीट काचेवर ठेवलं. "मी होते. मॅडम नव्हत्या."

अध्यक्षांनी तिकीट दोन बोटांनी उचललं. "यावरून तुम्ही होतात हे कळतं, बाई. त्या नव्हत्या हे कसं कळणार? आमच्याकडे छापील पत्रिका आहे. लेखी पुरावा आणा, विचार करू."

"तुमच्याच अभिप्रायात लिहिलंय की बसून म्हटलं. मॅडमचे मी तीन प्रयोग बघितलेत, त्या एकदाही बसल्या नाहीत."

"कलावंताला बसावंसं वाटू शकतं," अध्यक्ष म्हणाले आणि घंटी वाजवली.

लेखी पुरावा! दारावरचा माणूस म्हणाला, ताई, पाटी मीच लिहिली आणि मीच पुसली, पण माझं नाव नका घेऊ, नोकरीची दोन वर्षं राहिलीत माझी. व्यवस्थापक म्हणाला, बदलीची नोंद आम्ही ठेवत नाही. मग तक्रारवही? ती आहे, पण ज्याने तक्रार लिहिली त्यालाच दाखवायची, असा नियम. काटेबाई नियम मोडणाऱ्यांशी आयुष्यभर भांडलेल्या. पाळणाऱ्याशी काय भांडणार? त्या मागच्या दाराकडे वळल्या.

मागच्या दाराशी ती कोरसमधली बाई जिन्यावर बसून बुटाची पट्टी शिवत होती. नाट्यगृहात तिला आता सगळे बदलीच म्हणत होते, थट्टेने. तिनेही सकाळी वर्तमानपत्र वाचलं होतं. कापून पर्समध्ये ठेवलं होतं, त्याचं टोक बाहेर दिसत होतं.

"तुमचं आहे हे," काटेबाई म्हणाल्या.

"माहीत आहे."

"मग बोला की!"

"आणि सोमवारी कुठे जाऊ?" बदलीने दोरा दातांनी तोडला. "घरी आई अंथरुणावर. कोरसचा पगार दर महिन्याला येतो. बारा वर्षांत एकदा पुढे उभी राहिले, तेही कुणाला तरी ताप आला म्हणून. मला नव्या नाटकात घेतील का, तर अशा एखाद्या कागदावर माझं नाव असतं तर घेतलंही असतं. नाही आहे. तुम्हाला भांडायचं तर भांडा. मला मधे ओढू नका."

काटेबाईंना या बोलण्याचाही राग आला, आणि तो तिच्यावर काढायचा नाही एवढं भान त्यांनी मोठ्या कष्टाने राखलं. बारा वर्षं मागच्या रांगेत सूर धरून उभी असलेली बाई आपल्याच कामाचं कात्रण चोरासारखं पर्समध्ये लपवते, याचा हिशोब कुणाकडे मागायचा?

राहिले शिंपीमामा. त्यांच्या दुकानात कापायच्या टेबलावर अभिप्राय छापलेलं पान आधीच पसरलेलं होतं. मॅडमच्या फोटोभोवती खडूची रेघ मारली होती, कापडावर मारतात तशी.

"बघितलंस? मी म्हटलं नव्हतं?" मामा फुलले होते.

"मामा, खालचं वाचलंत?"

मामांनी वाचलेलं होतं. डोळे दुसरीकडे फिरवून ते सुईत दोरा ओवू लागले. तीनदा हुकला.

"तुम्ही तक्रारवहीत लिहिलंय, मॅडम गैरहजर. तारखेनिशी, वेळेनिशी, सहीनिशी. आख्ख्या गावात तेवढाच एक पुरावा आहे. चला, नक्कल काढून घ्या."

"मी? माझ्या हाताने मॅडमच्या गळ्यातला हार काढू?"

"हार त्यांचा नाहीच आहे."

"तुझ्या काट्याला काय, लोखंड आणि सोनं सारखंच."

"सारखंच! म्हणून तर लोक काट्यावर विश्वास ठेवतात. मामा, तुम्ही नाटक बघायला जाता की देवदर्शनाला?"

मामा चिडले. "बाई वारली तेव्हा," ते म्हणाले, बाई म्हणजे त्यांची बायको, "तेव्हा मी तीन महिने मशीन उघडलं नव्हतं. मॅडमचं गाणं ऐकून घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी उघडलं. तुला काय कळणार! जा, तुझी वजनं घास."

काटेबाई जायला वळल्या. मग दारातून म्हणाल्या, "मॅडम खऱ्या गायल्या म्हणून तुम्ही उठलात ना मामा? मग त्यांच्या नावावर खोटं का चढवू देता?"

रात्रभर मामांना झोप लागली असेल की नाही, कोण जाणे. गुरुवारी सकाळी दुकान उघडायला काटेबाई आल्या, तर फटीच्या तोंडाशी मामा उभे. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, हातात व्यवस्थापकाच्या शिक्क्याची नक्कल.

"एकच अट," मामा म्हणाले. "शेवटची ओळ वाचायची नाही."

अध्यक्ष कुठले अट पाळायला! त्यांनी चष्मा लावून सगळं मोठ्याने वाचलं, कारकुनासुद्धा सगळ्यांना ऐकू जाईल असं. "'आज दुपारच्या प्रयोगास मुख्य अभिनेत्री गैरहजर. पाटीवर खडूने बदली लिहून रसिकांची उघड फसवणूक. असल्या बदलीचे गाणे ऐकण्यापेक्षा मी घरी माझ्या शिलाई मशीनचे ऐकेन.'" कारकून खिदळला. मामांचे कान लाल झाले.

"हे मी न ऐकता लिहिलं," मामा खाली बघून म्हणाले. "ज्यांनी ऐकलं त्यांनी काय लिहिलं ते तुमच्या अभिप्रायात आहे."

अध्यक्षांनी नक्कल फाइलमध्ये ठेवली. "समिती योग्य ती दुरुस्ती करेल," ते म्हणाले.

आणि केली. शुक्रवारच्या अंकात, लग्नाच्या जाहिराती आणि हरवल्या-सापडल्याच्या मधे, चार ओळी आल्या: "नाट्यपुरस्कारांच्या अभिप्रायात अनवधानाने राहिलेली चूक दुरुस्त करून 'पायरीवर बसून' याऐवजी 'उभ्याने' असे वाचावे. हास्याचा उल्लेख वगळण्यात यावा."

हे वाचून काटेबाईंच्या हातातलं पाच किलोचं वजन खाली पडलं आणि फरशीला तडा गेला. चूक कोणाची, दुरुस्ती कशाची! नाव सलामत ठेवायचं म्हणून कामच पुसून टाकलं. आधी त्या बाईचं गाणं निदान दुसरीच्या नावाने तरी जिवंत होतं, आता तेही उरलं नाही. परीक्षकांनी जे डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं, ज्याला वर्षातलं सर्वोच्च म्हटलं, ते घडलंच नाही असं चार ओळींत ठरलं. असली दुरुस्ती बाजारात कुणी तराजूची केली असती तर काटेबाईंनी त्याचं दुकान बंद पाडलं असतं.

शनिवारी संध्याकाळी पुरस्कारांचा समारंभ, त्याच नाट्यगृहात, लोकांना वरच्या मजल्यावर मुक्त प्रवेश. काटेबाई, मामा आणि कंपाउंडर शेवटच्या रांगेत बसले. मंचावर खुर्च्या, खुर्च्यांच्या मागे गाणं म्हणायला बोटीच्या नाटकाचा कोरस उभा. डावीकडून तिसरी बदली.

मॅडमचं नाव पुकारलं. टाळ्या. अध्यक्षांनी अभिप्राय वाचायला घेतला. "तिसऱ्या अंकातील विलापगीत त्यांनी उभ्याने..."

"बसून!" काटेबाई उभ्या राहिल्या. "बसून म्हणा! तुम्हीच लिहिलं होतं!"

खालच्या सगळ्या माना वर वळल्या. कुणी हसलं, कुणी 'शूऽऽ' केलं. "कृपया शांतता राखा," अध्यक्ष माइकवर म्हणाले. दोन स्वयंसेवक जिन्याकडे धावले. तेवढ्यात काटेबाईंच्या शेजारी मामा उठले. सत्तरीचं शरीर, समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरलेली.

"मॅडम," मामांनी हाक मारली. वीस वर्षांत पहिल्यांदाच ते त्यांच्याशी बोलत होते. "मी तुमचा एकही प्रयोग सोडलेला नाही. एक सोडला. त्या गुरुवारी दुपारचा, कारण तुम्ही नव्हता. तुम्हीच सांगा, तुम्ही होतात का?"

मॅडम माइकपाशी पोचल्या होत्या. त्यांनी वर बघितलं, मग अध्यक्षांकडे. अध्यक्ष कागद उलटा करून त्याच्या कोऱ्या बाजूकडे बघत होते.

"नव्हते," मॅडम म्हणाल्या. "ताप होता मला. आणि ते गाणं मी कधी बसून म्हटलेलं नाही. मला सुचलंच नाही ते." एवढं खरं त्या बोलल्या, ते मान्य केलं पाहिजे.

"मग होतं कोण?" खालून कुणीतरी ओरडलं.

मॅडम मागे वळल्या. पण कोरसमधल्या बारा चेहऱ्यांतला तो कुठला, हे त्यांना चटकन कळेना. बारा वर्षं ज्या बायका यांच्या मागे उभ्या राहिल्या, त्यांच्याकडे वळून बघायची वेळच कधी आली नव्हती. काटेबाईंनी ओठ घट्ट मिटले. बोट दाखवणं सोपं होतं. मधे ओढू नका, असं ती बाई म्हणाली होती.

डावीकडून तिसरी बाई रांगेतून एक पाऊल पुढे आली. ओठ हलले. माइक लांब, काही ऐकू आलं नाही.

"मोठ्याने, बाई!" काटेबाईंचा आवाज फाटला. "शेवटच्या रांगेपर्यंत येऊ दे!"

"मी होते."

माइक नव्हता. तरी शब्द वरपर्यंत आला, छताला लागला. कंपाउंडर टाळ्या वाजवत उठले, कुणाची बाजू घेतोय याचा विचार न करता. मग वरचा मजला उठला, मग खालच्या काही रांगा. पुढची रांग बसूनच राहिली.

आता कुणी म्हणेल, मॅडमनी पुरस्कार तिच्या हातात दिला असेल. नाही दिला. त्या खरं बोलल्या आणि पुरस्कारही घरी घेऊन गेल्या, दोन्ही. अध्यक्षांनी आभार मानले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मॅडमचा हसरा फोटो आला आणि "काही प्रेक्षकांच्या उत्साहामुळे थोडा व्यत्यय" अशी एक ओळ. काटेबाईंनी ते पान वजनं गुंडाळायलासुद्धा वापरलं नाही, चुलीत घातलं.

आठवड्याभरात बदलीला कोरसमधून काढलं. कारण दिलं नाही. कारण सगळ्यांना माहीत होतं. ऐकल्याबरोबर काटेबाई तिच्या घरी गेल्या. एका खोलीचं घर, खाटेवर आई.

"माझ्यामुळे झालं," त्या म्हणाल्या.

"कशाला स्वतःला मोठं करताय?" बदली आईची उशी सारखी करत म्हणाली. "तुम्ही नाही ओढलंत. मी माझ्या पायांनी पुढे आले. आता खर्चाचं बघते आहे. घड्याळजीच्या नाटकवाल्यांनी सोमवारी आवाज ऐकायला बोलावलंय. त्यांचा संगीतकार होता समारंभाला, तिसऱ्या रांगेत. तो उठला होता म्हणे."

त्यांनी तिला घेतलं. सहा महिने छोटी कामं, आणि मग त्यांच्या नव्या संगीत नाटकात मुख्य. झगा तिच्या मापाचा. मापं घ्यायला शिंपीमामांनाच बोलावलं होतं, आणि मामा त्या दिवशी टेप हातात घेऊन पहिलं माप घ्यायच्या आधी म्हणाले, "बाई, त्या वहीतल्या शेवटच्या ओळीबद्दल माफ करा." ती म्हणाली, "कुठली ओळ?" तिला कुणी दाखवलीच नव्हती. मामांना मग ती स्वतःच्या तोंडाने सांगावी लागली.

पुढच्या वर्षीच्या निवाड्याच्या रविवारी मामांनी तिच्या नाटकाची पाच तिकिटं टाकली. "यंदा हिलाच," ते म्हणाले. "पाचही वेळा रडलो."

काटेबाईंनी तिची तीन टाकली आणि शेजारी घड्याळजीच्या नाटकाची दोन. "पहिला अंक सोन्यासारखा. दुसऱ्या अंकात ती दमते. वरचा सूर तिन्ही वेळा खाली पडला आणि वादकांनी झाकून घेतला. यंदा घड्याळजीच्या जुन्या नाटकातला तो म्हातारा गायक. दुसरं कुणी नाही."

मामांनी कात्री टेबलावर ठेवली. "हिच्यासाठी तू भर सभेत ओरडलीस! हिची नोकरी गेली तेव्हा चार दिवस जेवली नव्हतीस, तुझा नवरा सांगत होता मला!"

"गेल्या वर्षीचं तिचं होतं, म्हणून ओरडले. यंदाचं नाही, म्हणून ओरडतेय."

"दगड आहेस तू, दगड!"

"मग दगडाशी नीट वाद घाला. वरचा सूर पडला की नाही, तेवढं सांगा."

मामा लालबुंद झाले. "पडला," ते म्हणाले. "पण काय सुंदर पडला!"